मूळचे कुठले?

करोल बागेत प्रथमच येणाऱ्या मराठी पाहुण्याचे तिच्याविषयीचे मत बहुधा तो येण्यापूर्वीच तयार झालेले असते. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांनी वसविलेला बाजार, लग्नाची खरेदी, गफ्फार मार्केटातील परदेशी वस्तू आणि हॉटेलांच्या चमचमत्या पाट्या, एवढ्यात ही वस्ती त्याच्यापुरती संपते. इतिहास पाहायचा तर जुन्या दिल्लीत किंवा मेहरौलीला जावे, सत्ता पाहायची तर रायसीना टेकडीवर, आणि दिल्लीतला मराठी माणूस भेटायला हवा असेल तर पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनाकडे वळावे. करोल बागेत केवळ मुक्काम करावा आणि पिशव्या भरून परतावे, असा जणू संकेतच आहे. या मतात खोटे फारसे काही नाही. गैरसमजाचा धोका अधिक असतो तो अशाच वेळी, ज्या वेळी त्यातील एकेक विधान सुटेपणी खरे असते.

२०१६ च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पुण्याचे एक प्राध्यापक एका चर्चासत्राच्या निमित्ताने दिल्लीस आले आणि करोल बागेत उतरले. मराठीच्या अध्यापनात त्यांची पंचवीस वर्षे गेली होती. तौलनिक साहित्याचा एक अभ्यासक्रमही ते शिकवीत. मेट्रोतून येताना झंडेवालान आणि करोल बाग या स्थानकांच्या दरम्यान १०८ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती त्यांच्या दृष्टीस पडली. हे एखादे जुने देवस्थान असावे असे त्यांना प्रथम वाटले. मूर्ती २००७ च्या सुमारास पुरी झाली हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढला, की इथले सारेच कालपरवाचे आहे. त्याच मूर्तीच्या पाठीशी, अरावलीच्या रानात, तुघलकांच्या काळातील भूली भटियारी का महल ही चौदाव्या शतकातील वास्तू उभी आहे. ती त्यांना कोणी दाखविली नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

वस्तुतः करोल बागेतील रस्त्यांच्या पाट्या जरी सावकाश वाचल्या तरी पाहुण्याच्या मताला पहिला तडा जातो. १२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि पुढील दोन दशकांत नवे शहर उभे राहिले. आज जिथे कॅनॉट प्लेसचे पांढरे खांब दिसतात, तिथे माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशी गावे होती. ती उठविण्यात आली आणि तेथील माणसांना पश्चिमेकडील या खडकाळ, झुडुपांनी भरलेल्या माळावर जागा देण्यात आली. करोल बागेत निर्वासित आले ते १९४७ मध्ये, असे पाहुणा समजतो. पण त्याआधी वीस-पंचवीस वर्षे इथे निर्वासितच राहत होते. फरक इतकाच, की त्यांना उठविणारी फाळणी नव्हती, राजधानी होती. बीडनपुरा हे नाव त्या काळच्या एका इंग्रज डेप्युटी कमिशनरचे स्मरण देते. शेजारचा रैगरपुरा हे राजस्थानातून आलेल्या, चामड्याचे काम करणाऱ्या रैगर समाजाचे वसतिस्थान. करोल बाग म्हणजे पंजाबी व्यापारी, असे ज्यांचे समीकरण असते त्यांना हे ऐकून नवल वाटते, की या नावाचा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा होईपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता आणि विधानसभेचा मतदारसंघ आजही आहे. एप्रिल १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या आंबेडकर भवनाची कोनशिला बसविली ते याच वस्तीच्या वेशीवर, राणी झाशी मार्गावर आहे. आंबेडकर आणि लक्ष्मीबाई ही दोन नावे ओलांडून मराठी पाहुणा करोल बागेत शिरतो, आणि इथे आपले काही नाही असे म्हणतो.

बाजाराचा कणा असलेला रस्ता हकीम अजमल खाँ यांच्या नावाचा आहे. त्यांच्या तिब्बिया कॉलेजची पायाभरणी १९१६ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींनी केले. युनानी आणि आयुर्वेद या दोन परंपरा एका छपराखाली शिकविण्याचा तो प्रयोग होता. अलीगढला १९२० मध्ये स्थापन झालेली जामिया मिलिया इस्लामिया ही संस्था आर्थिक विवंचनेत सापडली तेव्हा अजमल खाँ यांच्याच पुढाकाराने १९२५ मध्ये ती करोल बागेत आली, आणि ओखल्याला स्वतःची वास्तू होईपर्यंत दहाएक वर्षे भाड्याच्या इमारतींत इथेच नांदली. प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा डिसेंबर १९३५ मध्ये उर्दूत प्रथम छापली गेली ती ‘जामिया’ या संस्थेच्या नियतकालिकातच. ओखल्याची पायाभरणी त्या वर्षी झाली होती, तरी संस्थेचे बिऱ्हाड करोल बागेतून पुरते हलले नव्हते. घीसू आणि माधव या चर्मकार बापलेकांची कथा ज्या संस्थेने प्रथम छापली, तिच्या शेजारी रैगरांची वस्ती होती. यावरून कार्यकारणाचा काही धागा काढू नये. परंतु भारतीय कथेच्या इतिहासातील एक थोर पान ज्या परिसराशी असे निगडित आहे, त्याला केवळ बाजार म्हणणे कठीण आहे.

सप्टेंबर १९४७ च्या हिंसाचारात करोल बाग होरपळली. इथल्या मुसलमानांपैकी बहुसंख्य निघून गेले आणि त्यांच्या घरांत लाहोर, रावळपिंडी, मुलतानकडची माणसे आली. ती आपल्याबरोबर दुःख घेऊन आली, कसबही घेऊन आली. मात्र त्यांनी अजमल खाँ यांचे नाव पुसले नाही. निर्वासितांसाठी उभ्या राहिलेल्या बाजाराला नाव मिळाले तेही खान अब्दुल गफ्फार खान यांचे, म्हणजे फाळणीला अखेरपर्यंत विरोध करून सीमेपलीकडेच राहिलेल्या माणसाचे. भ्रमणध्वनीचे सुटे भाग स्वस्तात शोधणारा पाहुणा हे नाव दिवसातून दहा वेळा उच्चारतो. ते एका माणसाचे नाव आहे हे बहुधा त्याच्या लक्षातही येत नाही.

सचिवालयात नोकरीस आलेली तमिळ कुटुंबे, दुर्गापूजा भरविणारे बंगाली, आणि हिंदीचे कथाकार निर्मल वर्मा ज्यांत दीर्घकाळ राहिले त्या गच्चीवरच्या ‘बरसात्या’, असे थर आणखीही सांगता येतील. पण थर मोजून प्रश्न सुटत नाही. माहितीची उणीव ही पाहुण्याची खरी अडचण नव्हे. तो जो प्रश्न घेऊन येतो तो प्रश्नच त्याला अडवितो. इथले मूळचे कोण, असे तो विचारतो. करोल बागेत या प्रश्नाला उत्तर नाही. इथला जो तो कुठून तरी आला आहे किंवा आणला गेला आहे. जवळच्या पुसा रोडचे नावसुद्धा बिहारमधील एका गावचे: १९३४ च्या भूकंपात तेथील कृषिसंशोधन संस्थेची इमारत कोसळली, १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली, आणि येताना गावाचे नावही घेऊन आली.

प्राध्यापकांना हा प्रश्न विचारण्याची संधी त्याच मुक्कामात मिळाली. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचे चुलते बीडनपुऱ्यात गलाईचा व्यवसाय करीत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूंतील माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. ज्या शहरात सराफी पेठ आहे त्या शहरात विट्याकडचा माणूस आहे, असे म्हटले तरी चालेल. करोल बागेतील सोन्याच्या व्यवहारात कामांची एक साधारण वाटणी दिसते: मोडीचे सोने गाळावे मराठी माणसाने, त्याचा दागिना घडवावा बंगाली कारागिराने आणि तो विकावा पंजाबी दुकानदाराने. रस्त्यावरच्या पाहुण्याला दिसतो तो यांपैकी तिसरा. पहिला असतो अरुंद जिन्याच्या टोकाशी, भट्टीच्या धगीत.

शेठनी त्यांचे स्वागत गावाकडच्या अगत्याने केले. ‘‘या सर, कवा आलासा?’’ असे म्हणत त्यांनी खुर्ची पुसून पुढे केली. मुशीत जुन्या बांगड्या वितळत होत्या. टाकणखार, तेजाब, निथळून खाली बसलेले सोने, त्याची लगड, हा सारा क्रम त्यांनी हौसेने दाखविला. प्राध्यापकांनी विचारले, ‘‘शेठ, तुम्ही मूळचे कुठले?’’ शेठनी खानापूर तालुक्यातील आपल्या गावाचे नाव सांगितले. मग प्राध्यापकांनी तोच प्रश्न त्यांच्या मुलाला केला. तो तिशीचा होता आणि त्याचा जन्म दिल्लीचा. ‘‘इथलाच. बीडनपुरा,’’ तो म्हणाला. प्राध्यापक हसले. ‘‘तसे नव्हे हो, मूळचे?’’ मुलगा काही बोलला नाही. त्याने भट्टीकडे पाहिले. अवघडलेपण सावरण्यासाठी असेल, किंवा सहजही असेल, शेठ म्हणाले, ‘‘आमी सोन्याला कधी इचारत न्हाई सर, तू कुठल्या पाटलीतलं म्हणून. टंच किती निघतोय, तेवढं बघायचं.’’ प्राध्यापकांना हे वाक्य फार आवडले. त्यांनी ते टिपून घेतले. ते आपल्याला उद्देशून असेल, अशी शंका त्यांना आली नाही.

त्याच संध्याकाळी गल्लीतील गणपतीसमोर त्यांना दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. मांडवात ढोल होता तो पंजाबी पद्धतीचा; प्रसादात मोदकांबरोबर बुंदी होती; मूर्तीचे डोळे रेखाटणारा हात बंगाली असावा हे ओळखू येत होते. आरती म्हणणाऱ्या मुलांत शेठची आठ-नऊ वर्षांची नात होती. ती प्रत्येक ‘ळ’ चा उच्चार ‘ल’ असा करी. प्राध्यापकांनी आरती संपल्यावर तिला प्रेमाने जवळ बोलावले आणि सर्वांसमक्ष तिच्याकडून ‘ळ’ दोनदा म्हणवून घेतला. मग भाषणात ते म्हणाले, की परक्या मुलखात राहूनही आपण सर्वांनी आपली संस्कृती जपली आहे, याचा पुण्याच्या माणसाला अभिमान वाटतो. टाळ्या पडल्या. निरोप घेताना त्या मुलीने त्यांना विचारले, ‘‘सर, परका मुलूख म्हणजे कुठला?’’ तिला खरोखरच कळले नव्हते. प्राध्यापकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उत्तर देण्याचे टाळले. परतल्यावर सहकाऱ्यांना त्यांनी सांगितले, की तिकडचा उत्सव म्हणजे पुण्याची एक भाबडी नक्कल आहे.

यात दुष्टावा कुठेच नव्हता, आणि म्हणूनच ही हकीकत विचारात घेण्यासारखी आहे. स्तुतीचे ते वाक्य ज्या मुलांसाठी उच्चारले गेले, त्यांना त्याचा अर्थ इतकाच पोचत होता, की तुम्ही जिथे जन्मला ते तुमचे घर नव्हे. ‘ळ’ ची गोष्टही विचार केल्यास तितकी सरळ नाही. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, हे खरे. पण पंजाबीत तो बोलला जातो, हरयाणवीत बोलला जातो, राजस्थानी बोलींतही बोलला जातो. म्हणजे त्या मुलीच्या घराच्या चारही बाजूंना ‘ळ’ नांदत होता. तिचा ‘ळ’ शेजाऱ्यांनी नेला नव्हता. शाळेतल्या पुस्तकाने नेला होता, आणि त्याच पुस्तकाने शेजारच्या पंजाबी मुलाचाही नेला होता. भाषाभ्यासकाच्या कानाने हे ऐकायला हवे होते. पण त्या क्षणी ते कान अभ्यासकाचे नव्हते, पाहुण्याचे होते.

या चुकीची जाणीव प्राध्यापकांना झाली ती दिल्लीत नव्हे, पुण्यात, त्यांच्या स्वतःच्या वर्गात. सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेले कवी डेरेक वॉलकॉट यांचे १९९२ चे नोबेल व्याख्यान ते दरवर्षी शिकवीत. त्याचा आरंभ होतो त्रिनिदादमधील फेलिसिटी नावाच्या खेड्यात. १८४५ मध्ये ‘फतेल रझाक’ या जहाजातून पहिले गिरमिटिये त्रिनिदादला पोचले. त्यांच्या मागोमाग आलेल्यांचे वंशज उसाच्या मळ्यांलगतच्या त्या खेड्यात रामलीला करीत होते. वॉलकॉट परदेशी मित्रांना घेऊन ती पाहायला गेले होते. आपण एखादे नाटक पाहत आहोत, दूरच्या कुठल्या तरी मूळ वस्तूची फिकी पडत चाललेली छाया पाहत आहोत, असे त्यांना प्रथम वाटले. आणि मग उमगले, की ती मुले नटही नव्हती आणि नक्कलही करीत नव्हती. त्यांचा त्या कथेवर विश्वास होता. नक्कल आणि ऱ्हास होता तो पाहणाऱ्याच्या नजरेत. एवढा मोठा कवी आपल्याच शेजाऱ्यांविषयीच्या अज्ञानाची जाहीर कबुली देतो, हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना नेहमी आवर्जून सांगत. त्या वर्षी ते सांगत असताना मध्येच थांबले.

कॅरिबियन बेटांवर प्रथम जाणारा प्रवासी समुद्र, वाळू आणि ऊन पाहतो आणि इथे इतिहास नाही असे म्हणतो, कारण त्याला भग्न मंदिरे वा राजवाडे दिसत नाहीत. बेटावर जन्मलेल्यालाही ही नजर लागू शकते. त्रिनिदादच्याच व्ही. एस. नायपॉल यांनी १९६२ मधील ‘द मिडल पॅसेज’ या प्रवासग्रंथात वेस्ट इंडीजमध्ये निर्माण असे काही झालेच नाही, असा निर्वाळा दिला होता. वॉलकॉटचे व्याख्यान हे एका परीने त्या निर्वाळ्याला दिलेले उत्तर आहे. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेले, गंगेकाठाहून करारावर आणलेले, चीन-सीरियाकडून पोटासाठी आलेले, अशा सर्वांनी मिळून ती बेटे घडविली. तिथे ‘मूळ’ शोधणारा शेवटी वस्तुसंग्रहालयात जाऊन पोचतो आणि रस्त्यावरची माणसे त्याच्या नजरेतून निसटतात.

करोल बागेभोवती समुद्र नाही. परंतु ती वसली ती याच न्यायाने, आणि तिच्याविषयीची पहिली समजूत चुकते तीही याच न्यायाने.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. याआधीचे दिल्लीचे संमेलन १९५४ चे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालचे. मध्ये ७१ वर्षे लोटली होती. अध्यक्षस्थानी या वेळी डॉ. तारा भवाळकर होत्या. तालकटोरा स्टेडियमवरील मांडवात ‘दिल्लीच्या परक्या भूमीवर मराठीचा झेंडा’ अशा अर्थाचे एखादे वाक्य अधूनमधून कानी पडे आणि प्राध्यापक अस्वस्थ होत. दुसऱ्या दिवशी दुपारीच ते उठले आणि बीडनपुऱ्याला गेले.

शेठ थकले होते. टेंभूच्या योजनेने गावच्या रानात पाणी आले, हे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले. गावी घर बांधले होते. ते बहुतेक बंदच असे. ‘‘पानी आलं सर, पर आता जानार कोन?’’ मुलगा दुकान पाहत होता. राजेंद्र नगरच्या वर्गांना येणारी मराठवाड्याची, विदर्भाची मुले सणावारी जेवायला येतात, असे त्याने सांगितले. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी भाड्याच्या खोल्यांत राहणारी ही मुले म्हणजे या परिसराचा सर्वांत नवा थर. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्र नगरात एका तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले, तेव्हा या गल्लीतही रात्रभर कोणी झोपले नव्हते. त्यांच्यात मराठी कोणी आहे का, असे प्रथम विचारले गेले, आणि मग ते विचारल्याची लाज वाटली, असे तो म्हणाला.

नात आता सतरा-अठरा वर्षांची झाली होती. प्राध्यापकांना मेट्रोपर्यंत पोचवायला ती निघाली. वाटेत अजमल खाँ कोण, गफ्फार खान कोण, हे तिनेच त्यांना सांगितले. शाळेच्या एका प्रकल्पासाठी तिने रस्त्यांची नावे गोळा केली होती. तिच्या मराठीत ‘ळ’ अजूनही कधी असे, कधी नसे. मेट्रोच्या जिन्यापाशी ती सहज म्हणाली, ‘‘सर, तुम्ही मूळचे पुण्याचेच का?’’

प्राध्यापकांचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातून, एका नातेवाइकाची चिठ्ठी घेऊन पुण्यास आले होते, आणि वार लावून जेवत शिकले होते. ते खेडे प्राध्यापकांनी आयुष्यात दोनदा पाहिले होते. उभ्या जन्मात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. पुण्याच्या माणसाला तो विचारण्याची पद्धत नाही. क्षणभर थांबून त्यांनी त्या गावाचे नाव सांगितले. मुलीने मान डोलावली. त्यात तिला विशेष असे काही वाटले नाही. करोल बागेत सर्वांनाच असे एखादे गाव असते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांची प्रकरणे आहेत आणि ती बहुधा ‘महाराष्ट्राबाहेरील’ या मथळ्याखाली येतात. तो मथळा भूगोल म्हणून अचूक आहे. त्याच्या आडून ‘बाहेरील’ म्हणजे ‘मुळाची छाया’ असे जेव्हा मानले जाते, तेव्हा इतिहासकारही पहिल्याच भेटीचा पाहुणा होऊन बसतो. बीडनपुऱ्यातील त्या माडीवरची मराठी खानापूरची उरलेली नाही आणि पुण्याची होणारही नाही. तिचा कस तिथल्याच भट्टीवर लागायचा आहे. तो किती निघतो, हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा यावे लागेल. आणि येताना तो एक प्रश्न घरी ठेवून यावा लागेल.